शंटमधले काप

"आता सगळ्यांसमोर सांगा म्याडम, मीटर बरोबर आहे का नाही?"

श्रेणिक मगदूम कमरेवर हात ठेवून उभे होते. सगळे म्हणजे आम्ही चौघंच. कारखान्याचे मालक मगदूम, क्रोमच्या टाकीवरचे ऑपरेटर ईश्वरा चौगुले, हातात पाना घेऊन बाजूला उभा असलेला फिटर बाबालाल मुल्लाणी आणि मी. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली ती लांबट शेड होती. टाकीतून निघणारी आंबूस वाफ पंखा खेचत होता, तरी घशाशी खवखवत होतं.

मीटरच्या मागच्या दोन बारीक तारा मी सोडवल्या होत्या आणि माझ्या पेटीतून त्याला नेमके पंचेचाळीस मिलिव्होल्ट दिले होते. काटा उठला, सहाशेच्या रेघेवर आला आणि तिथंच थांबला. मी पुन्हा एकदा शून्यावर नेऊन आणला. पुन्हा सहाशे.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"ऐकलंत, ईश्वरामामा?" मगदूम त्यांच्याकडे वळले. "तीन आठवड्यांपूर्वी यांनीच तपासलं, सर्टिफिकेट दिलं. आज परत तपासलं. मीटर काय खोटं बोलत नाही."

ईश्वरामामा पन्नाशीचे होते. अंगाने किरकोळ, हातावर रसायनाचे जुने पिवळट डाग. ते मीटरकडे बघतच नव्हते. तांब्याच्या ज्या जाड पट्टीतून टाकीला वीज जाते, तिच्याकडे बघत होते.

"मीटर बरोबर असंल की. मी कुठं न्हाई म्हनतोय?" ते म्हणाले. "पण ह्या बसबारला हात लावून बघा. दसऱ्याच्या आदी सहाशेवर चालू असताना हात ठिवून गप्पा मारत हुतो. आता चटका बसतोय."

"हात!" मगदूम हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "उद्या बाराला कंपनीचा इन्स्पेक्टर येतोय. त्याला काय सांगू? आमच्या मामांचा हात असं म्हणतोय म्हणून? आपण क्रोम चढवून दिलेले बेचाळीस रॉड परत आलेत मामा. कडेला दाणे उठलेत, घासलं की क्रोमचे पोपडे निघतात. जास्त करंट दिल्याशिवाय असं होतं का? तुम्हीच सांगा. म्हशीची धार गाठायची म्हणून सहाशेचं सातशे केलं असेल, काम लवकर उरकलं असेल. कबूल करा, विषय संपवू."

"बावीस वर्सं म्हस हायच की मालक. तवा न्हाई जळालं क्रोम."

बाबालाल खुदकन हसला आणि मालकांनी बघताच पान्याकडे बघू लागला.

मी मीटरच्या तारा परत जोडल्या. त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते. सावंतवाडीहून कोल्हापूरला येऊन पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केलं होतं आणि उद्यमनगरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत उपकरणं तपासायच्या कामाला लागून मला पाच महिने झाले होते. सर्टिफिकेटवर स्वतःची सही करायची परवानगी मिळून तर जेमतेम एक महिना. त्या मीटरवर चिकटवलेल्या हिरव्या पट्टीवर माझंच नाव होतं, ऋ. सामंत. मला ते नाव तिथं बघून पहिल्यांदा बरं वाटलं नाही.

मी पेटी उचलून बाहेर आले. गेटजवळच्या टपरीवर ईश्वरामामा माझ्या मागोमाग आले आणि न विचारता दोन चहा सांगितले.

"म्याडम, एक सांगू? मालकास्नी सांगू नका."

"सांगा."

"दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एक दिस मी सहाशेवर न्हाई चालवलं. टाकी लई उसळाय लागली, म्हनून काटा पाचशे चाळीसवर आनला. वहीत मात्र सहाशेच लिवलं. चार्टवर सहाशे हाय नव्हं, बोलणी खावी लागली असती." त्यांनी बशीत चहा ओतला. "त्या दिसाचं आठ रॉड हुतं. त्यातला एकबी परत आल्याला न्हाई."

मी चहाचा पेला तसाच धरून राहिले. सहाशे भागिले पाचशे चाळीस. एक पूर्णांक अकरा, म्हणजे अकरा टक्क्यांचा फरक.

"तुम्ही हे मगदूमसाहेबांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? वहीत खोटं लिवलं म्हनून? मग तर झालंच." त्यांनी बशी खाली ठेवली. "कागदावर सही केलीया मी, काल सांजच्याला. माझ्या चुकीमुळं माल खराब झाला, मी कामावरनं जातोय, असं लिवलंय त्यात. मालक उद्या इन्स्पेक्टरला दावनार. मानूस काढला म्हनलं की कंपनी गप बसंल, ऑर्डर ऱ्हाईल."

"पण तुमची चूक नाही तर सही कशाला केलीत?"

"चूक न्हाई हे कोन म्हनतंय? मीटर म्हनतंय सहाशे. तुमी म्हनतासा मीटर बरोबर. चार्ट बरोबर. रॉड मात्र जळाल्यात. मग उरलं कोन? मीच नव्हं?"

त्यांचा आवाज चिडलेला असता तर मला सोपं गेलं असतं. ते मला हिशेब समजावून सांगत होते, आणि त्या हिशेबात मला चूक दाखवता येत नव्हती.

*

शहराकडे येणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागच्या सीटवर, दोन भाजीच्या पाट्यांमध्ये बसून मी तो हिशेब पुन्हा मांडला.

टाकीकडे जाणारे सहाशे अँपिअर मीटरमधून कधीच जात नाहीत. गेले असते तर मीटर वितळला असता. वाटेत एक शंट असतो: दोन पितळी ठोकळे आणि त्यांच्यामध्ये मँगेनिन नावाच्या मिश्रधातूच्या चार पट्ट्या. सगळा प्रवाह त्या पट्ट्यांतून जातो आणि जाताना त्यांच्या दोन टोकांमध्ये किंचितसा विद्युतदाब तयार होतो. हजार अँपिअरला पंचाहत्तर मिलिव्होल्ट. मीटर फक्त तेवढाच दाब बघतो आणि त्यावरून अँपिअर सांगतो. म्हणजे मी दोन्ही वेळा मीटरला विचारलं होतं, "तुला पंचेचाळीस मिलिव्होल्ट दिले तर तू काय म्हणशील?" तो म्हणाला सहाशे. पण सहाशे अँपिअर जात असताना शंट खरोखर पंचेचाळीस मिलिव्होल्टच देतो का, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा नेर्लेकर सर भिंगातून एका जुन्या मीटरची कमान बघत होते. ही प्रयोगशाळा त्यांनीच उभी केलेली. बोलताना ते कधी मान वर करत नसत.

"सर, मगदूमांच्या शंटची किंमत आपण कधी मोजली होती?"

"नाही मोजली."

"का?"

"बाई गं, शंट म्हणजे काय? मँगेनिनची पट्टी. तापली तरी बदलत नाही, जुनी झाली तरी बदलत नाही. मीटर बिघडतो, शंट बिघडत नाही. शिवाय तो मोजायचा म्हणजे बसबार सोडवा, कारखाना बंद ठेवा. कोण ठेवू देतंय? म्हणून आपण खाली छापलंय ना, शंटचं मूल्य पाटीवर लिहिल्याप्रमाणे गृहीत धरलं आहे म्हणून."

"ते फार बारीक अक्षरांत आहे सर."

आता त्यांनी मान वर केली. मी त्यांना सगळं सांगितलं. बसबारचा चटका, पाचशे चाळीस, आठ रॉड. वहीत खोटं लिहिल्याचंही सांगितलं, कारण त्याशिवाय पाचशे चाळीसचा काही अर्थच लागत नव्हता. सही केलेल्या कागदाचंही सांगितलं.

"चटका म्हणजे काही मोजमाप नव्हे," सर म्हणाले.

"नाही. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. अकरा टक्के प्रवाह वाढला तर उष्णता तेवीस टक्के वाढेल. तेवढं हाताला कळेल की नाही?"

सरांनी भिंग खाली ठेवलं. "तुला काय पाहिजे?"

"आपला प्रमाण शंट. उद्या सकाळी त्यांच्या शंटच्या मागे जोडते. दोन्हीतून एकच प्रवाह जाईल, मग कळेलच."

प्रमाण शंट काचेच्या कपाटात लाकडी पेटीत असायचा. हजार अँपिअरचा, नऊ किलो वजनाचा. दर दोन वर्षांनी तो सर स्वतः मांडीवर घेऊन दिल्लीला मोजून आणायचे. बाकी कधी तो दाराबाहेर गेला नव्हता.

"आणि त्यांचा शंट चुकीचा निघाला तर?" सरांनी विचारलं. "मग तू दिलेलं सर्टिफिकेट काय कामाचं? सही कुणाची आहे त्यावर?"

"माझी. आणि खाली तुमची."

"हं." मग किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं. "रिक्षाने जा, वडापात नको. आपटू नकोस. जोडण्याआधी दोन्ही तोंडं पुसून घे. आणि एक लक्षात ठेव, जो आकडा येईल तो पेनाने लिहायचा. कुणाच्याही बाजूचा आला तरी खोडायचा नाही. चौगुल्यांच्या विरुद्ध आला तरी."

ती शक्यता मी तोपर्यंत धरलीच नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी कारखान्यात पोचले तेव्हा मगदूम ऑफिसात अगरबत्ती लावत होते. मी काय करणार आहे ते सांगितलं.

"अजून तपासायचं राहिलंय होय? काल तर बरोबर म्हणालात."

"मीटर बरोबर आहे. शंट बघायचा आहे."

"बाराच्या आत होईल?"

"दहापर्यंत होईल."

"करा मग." अगरबत्ती खोचून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वडिलांच्या वेळचे आहेत मामा. मला सायकल शिकवलीय त्यांनी. मला काय हौस आहे का?"

बाबालालने टाकीला वीज पुरवणारा रेक्टिफायर बंद केला, बसबारचा एक सांधा सोडवला आणि त्या जागी आमचा शंट बोल्टने आवळला. काम फार नेटकं होतं त्याचं. तोंडं पुसा म्हणायच्या आधीच त्याने ती बारीक पॉलिश कागदाने चकचकीत करून फडक्याने पुसली होती.

"ह्याला सोनं लावलंय काय म्याडम, असं जपतासा?" त्याने विचारलं.

"सोन्यापेक्षा जपते. सोनं हरवलं तर दुसरं मिळतं."

"मग आमच्या ईश्वराला बी ह्याच पेटीत घालून न्या की. असला दुसरा मिळायचा न्हाई मालकास्नी."

"गप ए," ईश्वरामामा म्हणाले. ते सकाळपासून एवढंच बोलले होते.

मी दाब मोजायच्या तारा शंटच्या आतल्या बारीक स्क्रूंना लावल्या. बाहेरच्या मोठ्या बोल्टांना लावल्या असत्या तर सांध्यातला रोधही मोजला गेला असता. प्रवाह बंद असताना माझ्या मीटरवर काय दिसतं ते आधी लिहिलं: दोन मायक्रोव्होल्ट, म्हणजे नगण्य. मग रेक्टिफायर चालू केला.

"मामा, काटा दोनशेवर आणा."

त्यांनी नॉब सावकाश फिरवला. आमच्या शंटवर दर अँपिअरला पन्नास मायक्रोव्होल्ट मिळतात. दोनशे अँपिअरला दहा मिलिव्होल्ट दिसायला हवे होते.

दिसले अकरा पूर्णांक पंचवीस.

मी दहा मिनिटं थांबले, शंट तापून स्थिर होऊ दिला, तारा पुन्हा दाबून बघितल्या. आकडा हलला नाही. मी पेनाने लिहिला.

"चारशे."

बावीस पूर्णांक एक्कावन्न.

"सहाशे."

तेहेतीस पूर्णांक शहात्तर.

मी तिन्ही ठिकाणी भागाकार केला, मग पुन्हा केला, मग वहीच्या दुसऱ्या पानावर केला. काटा दोनशे म्हणत होता तेव्हा टाकीत दोनशे पंचवीस जात होते. चारशे म्हणत होता तेव्हा चारशे पन्नास. आणि सहाशे म्हणत होता तेव्हा सहाशे पंचाहत्तर. सगळीकडे तेच गुणोत्तर, साडेबारा टक्के जास्त. मीटर बिघडला असता तर कुठं कमी कुठं जास्त आला असता. हा फरक इतका सरळ होता की तो एकाच ठिकाणाहून येत होता.

"काय निघालं?" मगदूम मागे येऊन उभे होते, मला कळलंच नव्हतं.

"पॅनलचं झाकण उघडायला लागेल," मी म्हणाले. "तुमचा शंट डोळ्यांनी बघायचाय."

रेक्टिफायर बंद केला. बाबालालने चार स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं. आत टॉर्च मारली. पितळी ठोकळे, मधे तांबूस करड्या रंगाच्या चार पट्ट्या. आणि प्रत्येक पट्टीच्या मध्यावर, एका कडेला, चांदीसारखा चमकणारा जाडसर थर. नखाएवढा नव्हे, चांगला दोन बोटं रुंद.

"हे काय आहे?"

"ते व्हय?" बाबालालचा चेहरा उजळला. "ते मी भरलंय. खंडेनवमीला मशिनी धुवायच्या, पुसायच्या, पूजा करायची, तवा मालक म्हनले पॅनल बी उघडून आतनं पुसा. बघतोय तर चारी पट्ट्यास्नी करवतीचं काप! कुनी कापल्यात कुनास ठाऊक. आर्धी आर्धी पट्टी तुटायला आल्याली. म्हटलं, एवढा करंट जातोय, एखाद्या दिवशी तुटली तर टाकी बंद पडंल. चांदीचं झाळण मारलं झकास. कुनाला सांगितलं बी न्हाई, एवढ्याशा कामाचं काय सांगायचं?"

मी पुन्हा त्या पट्ट्यांकडे बघितलं. दोन वर्षं मी पुस्तकांतून शंट शिकले होते, पाच महिने त्यांच्याच आकड्यांवर काम करत होते, आणि पट्टीवरचा काप कुणाला मोडतोड वाटेल हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"बाबालालभाई," मी म्हणाले, "ते काप शंट बनवणाऱ्यानेच घातलेले असतात. पट्टी आधी मुद्दाम थोडी जास्त रुंद ठेवतात. मग मोजत मोजत करवतीने कापतात, आकडा बरोबर येईपर्यंत. कापला की रोध वाढतो. तुम्ही काप भरलेत, रोध कमी झाला. म्हणून सहाशे पंचाहत्तर गेले तरी मीटरला सहाशेच कळायचे."

बाबालालच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ईश्वरामामांकडे. "म्हंजे... ह्येचं रॉड मी जाळलं?"

मी टॉर्च बंद केली.

"बाबालाल," मगदूम हळू आवाजात म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं रे हे?"

"कुनी न्हाई मालक. दिसलं म्हनून केलं."

"दिसलं म्हणून! बेचाळीस रॉड..."

"मालक," ईश्वरामामा मधेच म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "त्येला बोलू नका. पॅनल पुसा म्हनून तुमीच सांगितलं. पुसणाऱ्याला चीर दिसली, त्यानं भरली. बघून गप झाकण लावलं असतं तर शाणा म्हनला असता व्हय त्येला?"

मगदूम माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्ही दसऱ्यानंतरच तपासलंत ना? म्हणजे हे झाळण तेव्हा होतंच. तुमचं सर्टिफिकेट मग काय?"

हा प्रश्न येणार हे मला रिक्षात बसल्यापासून माहीत होतं. तरी तो आला तेव्हा कान तापले.

"मी मीटर तपासला, शंट न बघताच," मी म्हणाले. "ते माझं चुकलं. मी झाकण उघडलं असतं तर त्याच दिवशी सापडलं असतं. इन्स्पेक्टर आले की मीच सांगेन त्यांना."

मगदूमांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि मला वाटलं ते ओरडणार. पण ते लोखंडी स्टुलावर मटकन बसले.

"मामा," ते म्हणाले, "तुम्ही सहाशेच ठेवत होता."

"व्हय."

"रोज."

"एक दिस सोडून." ईश्वरामामांनी माझ्याकडे बघितलं, मग मालकांकडे. "एक दिस पाचशे चाळीस ठिवलं आनि वहीत सहाशे लिवलं. ते खोटं हाय."

मगदूमांनी खिशात हात घालून चार घड्यांचा एक कागद काढला, उघडून न बघता त्याचे तुकडे केले आणि कुठं टाकावेत ते न कळून परत खिशातच ठेवले. "ते एक खोटं माफ," ते म्हणाले. "अर्धा टक्का बी नाही ते." आणि ते हसले. खरंखुरं हसले, खांदे हलवून. मग आम्हालाही हसू आलं. बाबालाल सोडून.

"आता नवीन शंट मागवा," मी म्हणाले, "पण तो यायला आठवडा लागेल. बाराला इन्स्पेक्टरसमोर एक रॉड नीट करून दाखवायचा असेल तर..."

"तर?" बाबालालने विचारलं.

"तर हाच शंट तात्पुरता बरोबर करता येईल. कानस आहे ना?"

पुढचा दीड तास माझ्या सगळ्या नोकरीतला सर्वांत आनंदाचा वेळ असेल. रेक्टिफायर बंद करायचा, बाबालालने चांदीवर कानस चालवायची, चार हात मारून फुंकर घालायची. मग चालू करायचा, ईश्वरामामांनी काटा सहाशेवर आणायचा आणि मी माझ्या मीटरवरून खरे अँपिअर काढून ओरडून सांगायचे. सहाशे पन्नास. पुन्हा बंद. सहाशे एकतीस. पुन्हा. सहाशे चौदा.

"आता हळू हां भाई," मी म्हणत होते. "काढलेलं परत घालता येत नाही."

"घालता येतंय की," ईश्वरामामा म्हणाले. "पर त्येनं घालायचं न्हाई."

तेव्हा कुठं बाबालालला हसू फुटलं. सहाशे पाच. सहाशे दोन. शेवटचे दोन हात त्याने श्वास रोखून मारले. मी दहा मिनिटं थांबून वाचलं: तीस पूर्णांक शून्य दोन मिलिव्होल्ट, म्हणजे सहाशे अँपिअर आणि वर थोडे दशांश. मी पेनाने लिहिलं आणि खाली तारीख घातली.

बाराच्या ठोक्याला पुण्याहून इन्स्पेक्टर आले. शांत माणूस होता. मी त्यांना दोन्ही पानं दाखवली, आधीचा आकडा आणि नंतरचा, आणि माझं सर्टिफिकेट मागे घेत असल्याचं तिथंच लिहून सही करून दिलं. त्यांनी शंट बघितला, बाबालालकडे बघितलं, आणि म्हणाले, "असलं कारण मी पहिल्यांदाच ऐकतोय. पण पटलं." मग टाकीतून निघालेल्या रॉडवर त्यांनी नख फिरवलं, कडेने, टोकापासून टोकापर्यंत. दाणा नव्हता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातले ते आठ रॉड कुठल्या खेपेत गेले होते हेही त्यांनी नोंदवून घेतलं. ऑर्डर राहिली.

मी आमचा शंट पेटीत ठेवत होते तेव्हा ईश्वरामामा जवळ आले. "म्याडम, फोन द्या की जरा. माझ्यातलं पैसं संपल्यात."

त्यांनी घरचा नंबर तोंडपाठ सांगितला, मी लावून दिला. ते दोन पावलं बाजूला गेले, पण शेड रिकामी होती, सगळं ऐकू येत होतं.

"मी बोलतोय... म्याडमचा हाय फोन. न्हाई, काय झालं न्हाई. अगं ऐक तर... माझं चुकलं नव्हतं. मशिनीतलं हुतं. व्हय... मी बरोबरच ठिवत हुतो." मग ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. एकदा डोळ्यांवरून मनगट फिरवलं. "बरं. बरं. येतो."

फोन परत देताना ते हसत होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हनली, मला ठावं हुतं." त्यांनी मान हलवली. "म्हटलं, मग म्हैनाभर मी रातभर आढ्याकडं बघत पडत हुतो, तवा का न्हाई सांगितलंस? तर म्हनती, तुमी इचारलं कुठं?"